हळू केल्याने काही बिघडत नाही

जुना कंप्युटर उघडला की आत धूळ सापडते. साधी नाही, पंख्याभोवती तिची चक्क घोंगडी झालेली असते. कुणी मुद्दाम टाकलेली नसते. रोज थोडी थोडी आत जाते आणि एक दिवस मशीन बंद पडतं, तेव्हा कळतं की केवढी साचली! किस्से तसेच साचतात. आमच्या गाळ्यात वीस वर्षांचे साचलेत. आता झटकायला बसलोय, तर नाकातोंडात जाणारच.

मी सुधीर. राहायला पार्ल्याला, पोटापाण्याला साकीनाक्याला. तिथल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत पहिल्या मजल्यावर आमचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान. आमचं म्हणजे माझं आणि दिगूचं. दिगंबर परब. गाव मालवणकडे, वडील गिरणीत होते, हात देवाने सवडीने घडवलेले. कामाची वाटणी सोपी होती. दिगू दुरुस्त करायचा, मी बोलायचो.

मी थापा मारतो हे अख्ख्या इस्टेटीला माहीत होतं. दिगूलाही माहीत होतं. पण यातली थाप कुठली आणि खरं कुठलं, हे त्या बिचाऱ्याला कधी कळायचं नाही.

आमच्याकडे येणारी मशीन्स म्हातारी. पत्र्याखालच्या गाळ्यात तापायची आणि तापली की फटकन बंद पडायची. धूळ काढली, पंखा बदलला, तरी तापतंच आहे म्हटल्यावर दिगू शेवटचा उपाय करायचा. प्रोसेसरचा स्पीड उतरवायचा. याला अंडरक्लॉकिंग म्हणतात. आमच्याकडे नुसतं 'हळू करणं' म्हणायचे. मशीन हळू चालतं, पण थंड चालतं आणि बंद पडत नाही.

प्रत्येक गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारायचं. "हळू केल्याने आतलं काही बिघडणार नाही ना?"

उत्तर आहे, नाही. वीस वर्षांत हळू केल्यामुळे गेलेला एकही प्रोसेसर मी पाहिला नाही. बाकी बरंच काही गेलेलं पाहिलं. शेवटी दिगूसुद्धा.

* * *

पहिले आले लेले सर. पार्ल्याचे, विज्ञानाचे रिटायर्ड शिक्षक. म्हणाले, "हळू करा, पण हार्डवेअरला अपाय होणार नाही असं लिहून द्या."

दिगू म्हणाला, "सर, थंड राहील. आयुष्य वाढेल एखादवेळी."

"एखादवेळी म्हणजे? होईल की नाही?"

दिगूला खोटं बोलता यायचं नाही आणि खरं पटवता यायचं नाही. मग मी पुढे झालो.

"सर, नाहूरला आमचे एक प्रधान म्हणून आहेत. स्टेशनपासून पाच मिनिटं, दुसरा मजला, दारात जास्वंदीची कुंडी. त्यांचं मशीन आम्ही आठ वर्षांपूर्वी हळू केलं. आजही चालू आहे!"

सर लगेच विरघळले. नाहूरला असे कुणीही प्रधान नव्हते. पण माझा अनुभव असा की नुसती थाप मारली तर माणूस शंका घेतो. थापेच्या दारात कुंडी ठेवली की चपला काढून आत येतो.

सर गेल्यावर दिगूने विचारलं, "कोण रे हा प्रधान? मी कधी केला त्याचा?"

"तू गणपतीला गावी होतास तेव्हा मीच केला."

"तू केलास?" माझ्या हाताने स्क्रू सरळ बसत नाही हे दिगूला ठाऊक होतं. तरी मान हलवून म्हणाला, "आठ वर्षं! झकास चाललाय म्हणायचा."

तीन महिन्यांनी लेले सर परत आले. मशीन उत्तम होतं. "फक्त एक झालंय," सर म्हणाले. "बटण दाबल्यापासून चालू होईपर्यंत माझा एक चहा होतो. दिवसातून पाच वेळा. परवा रिपोर्ट आला."

प्रोसेसरला काही झालं नाही. सरांची साखर वाढली!

* * *

बोरिवलीच्या कर्णिककाकू एकट्या आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यांचं मशीन हळू करायचंय. ह्यांना कळता कामा नये."

कर्णिककाका रिटायर झाल्यापासून दिवसभर कंप्युटरवर पत्ते खेळत. काकूंचा हिशोब असा, की मशीन रखडलं की हे कंटाळतील, उठतील, निदान चार शब्द बोलतील.

दिगूला हे पटेना. "चांगल्या मशीनला कित्याक आजारी पाडायचं?" पण काकूंचा चेहरा बघून त्याने केलं. सर्व्हिसिंगच्या नावाखाली मशीन आणलं, स्पीड निम्म्यावर ठेवला आणि परत दिलं.

आठ दिवसांत काकू हजर. "अहो, पूर्ववत करा! आता एकेक डाव दुप्पट वेळ चालतो. जेवायलासुद्धा उठत नाहीत!"

मी गाळाभर हसलो. दिगू हसला नाही. म्हणाला, "सुध्या, त्यांना डाव संपायला नकोच असेल तर?"

असं बोलून तो माझी गंमत पार थंड करायचा.

* * *

आमच्याच इस्टेटीत तळमजल्यावर कदमांचा कारखाना. देवळातल्या पितळी घंटा धुऊन चकाकवायचा. एक जुनाट कंप्युटर घंटांची जाळी ॲसिडात बुडवायचा आणि ठरलेल्या वेळाने वर काढायचा. तो तापायला लागला, म्हणून कदमांनी वर आणला.

दिगूने नेहमीप्रमाणे हळू केला. कदमांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काही बिघडणार नाही ना?" मी नेहमीप्रमाणे नाहूर सांगितलं. एव्हाना प्रधानांच्या मशीनला दहा वर्षं झाली होती. कुंडीला फुलंही येत होती!

दुसऱ्या दिवशी कदम वर आले. हातात एक घंटा. चेहरा असा की मी आधी खुर्ची पुढे केली.

"परब, कंप्युटर एकदम ओके आहे," कदम म्हणाले. "घंटा गेल्या."

झालं असं होतं की तो जुना प्रोग्राम घड्याळ बघतच नव्हता. तो लहान मुलासारखा मनातल्या मनात अंक मोजायचा आणि मोजून झाले की जाळी वर. प्रोसेसर निम्मा हळू, म्हणजे मोजणंही निम्मं हळू. घंटा दुप्पट वेळ ॲसिडात राहिल्या. दहा हजार मशीनं पाहिलेल्या दिगूला हे सुचलं नाही, कारण त्याने फक्त मशीन पाहिलं. खाली कुठली जाळी बुडतेय हे पाहिलंच नाही.

कदमांनी घंटा हलवली. ठण नाही, टणही नाही. आतून नुसतं 'टक्'. कागदासारखी पातळ झालेली.

दिगूने स्पीड पूर्ववत केला, मोठा पंखा बसवला आणि ती घंटा मागून घेतली. कायमची आमच्या टेबलावर ठेवली. "माझी चूक आहे. डोळ्यासमोर असू दे," म्हणाला. मी येता-जाता ती वाजवायचो. टक्. दिगू प्रत्येक वेळी मान वर करायचा.

* * *

मग इस्टेटीत फुकट तपासणीचं शिबिर आलं. रांगेत दिगू माझ्या पुढे. नर्सने त्याचा हात धरला, घड्याळाकडे बघितलं, परत धरला.

"काका, तुम्ही खेळाडू होता का? नाडी एकेचाळीस आहे."

"कसला खेळाडू? जिना चढतो-उतरतो तेवढंच."

"चक्कर वगैरे येते का?"

"छे!" दिगूने छाती फुगवली आणि माझ्याकडे वळला. "बघितलंस सुध्या? आपला पण स्पीड उतरवलेला आहे. थंड चालतंय!"

मी म्हटलं, "मग काय, तू प्रधानांच्या मशीनच्या वर जाणार बघ! शंभर वर्षं!"

अख्खी रांग हसली. नर्स हसली नाही. तिने कागदावर काहीतरी लिहून खाली दोन रेघा मारल्या. दिगूने तो कागद घडी करून आणला आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला.

टेबल डगमगायचं थांबलं, एवढं खरं.

* * *

दोन महिन्यांनी भर दुपारी, हातात स्क्रू ड्रायव्हर असताना, दिगूचं डोकं हळूच टेबलावर टेकलं. मला वाटलं डुलकी लागली. मी गंमत म्हणून कानाशी घंटा वाजवली. टक्. मान वर आली नाही.

मी हलवायला लागलो तेवढ्यात त्याने डोळे उघडले. घामाने निथळलेला. म्हणाला, "रीस्टार्ट झालो रे."

आणि मी हसलो. खरंच हसलो. इतकं चपखल बोलला होता!

संध्याकाळी वहिनींचा फोन. "भावजी, हे घरी पण दोनदा पडले. मला शपथ घातलीय, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी त्याला उचलून घाटकोपरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, चेहरा गंभीर केला. "परब, तुमचं हृदय अडतीसवर चाललंय. मधेच थांबतंय. पेसमेकर बसवावा लागेल. कातडीखाली छोटी डबी. हृदय मागे पडलं की ती ढकलते."

"म्हणजे स्पीड वाढवणार?"

"वाढवणार नाही, जागेवर आणणार."

"डॉक्टर," दिगू शांतपणे म्हणाला, "वीस वर्षं हेच काम करतोय. हळू चालणारं मशीन बंद पडत नाही. बंद पडतं ते तापलेलं. नाहूरला एक प्रधान आहेत..."

मी छताकडे बघायला लागलो.

तेवढ्यात डॉक्टरांचा टेबलावरचा कंप्युटर घरघरला आणि फटकन बंद पडला! दिगूचा चेहरा असा उजळला की बस. "तापला! हळू करून देऊ?"

"खरंच होतं तसं?" डॉक्टर म्हणाले. बाहेर पेशंट ताटकळतायत, वहिनी डोळे पुसतायत आणि अडतीसवर चाललेला हा माणूस डॉक्टरांच्या टेबलाखाली शिरून कॅबिनेट उघडतोय!

पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "परब, थँक यू. एकदाही बंद पडला नाही. पण तुमचा रिपोर्ट उघडायला एवढा वेळ लागला, की तेवढ्यात तुम्ही दोनदा चक्कर येऊन पडला असतात." मग चष्मा काढून म्हणाले, "कंप्युटर हळू झाला तर आपण थांबतो. मेंदू रक्तासाठी थांबत नाही हो."

जिन्यात दिगू मला म्हणाला, "डॉक्टर माणूस चांगला आहे. पण हार्डवेअरमधलं त्याला कळत नाही."

* * *

वहिनी गाळ्यावर आल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा. दिगू खाली कदमांकडे गेला होता.

"भावजी, माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत. सारखं तुमच्या त्या नाहूरच्या मशीनचं सांगतात. तुम्ही तरी सांगा, माणूस म्हणजे मशीन नव्हे."

मी 'हो' म्हटलं. माणूस आणि मशीन राहू दे, मला आधी नाहूर मोडायचं होतं. एवढी वर्षं कुंडीला पाणी घातलं होतं मी!

दिगू वर आला. मी डबा उघडला, बंद केला आणि म्हटलं, "दिगू, नाहूरला कुणी प्रधान नाही."

"म्हणजे? सोडून गेले?"

"नव्हतेच. लेले सरांना पटेना म्हणून थाप मारली. मशीन नाही, दुसरा मजला नाही, कुंडी नाही. काही नाही. तू डबी बसवून घे."

दिगूने माझ्याकडे बघितलं. मग अगदी प्रेमाने हसला.

"मेल्या, तुला माझी भीती वाटतेय म्हणून खोटं बोलतोस होय?"

"आईशप्पथ खरं सांगतोय!"

"गजाली नको मारूस. तुला नीट खोटंसुद्धा बोलता येत नाही. बघ, घाम आला."

जन्मभर थापा मारल्या, सगळ्या खपल्या. एकदाच खरं बोललो, ते पडून राहिलं.

पण बायकोपुढे कुणाचं चाललंय? वहिनींनी अन्नपाणी सोडल्यावर दिगू तयार झाला. एकच अट. "गणपतीला गावी जाऊन येतो. गौरी करतो. सात दिवस. आल्यावर सोमवारी बसवू तुमची डबी."

मालवणी माणसाला गणपतीला थांबवणं देवालाही जमलेलं नाही. डॉक्टर नको म्हणत होते. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. दिगूनेही बघितलं.

मी म्हटलं, "जाऊ दे हो वहिनी. सात दिवसांनी काय होतंय?"

ही माझी थाप नव्हती. मला खरंच तसं वाटलं होतं.

* * *

पाचव्या दिवशी वहिनींचा फोन आला. रडत नव्हत्या. एकदम सपाट आवाज.

"भावजी, आरती चालू होती. हे टाळ वाजवत होते. मला वाटलं, दमले म्हणून हळू वाजवतायत."

* * *

गाळा मी चालू ठेवला. दुरुस्तीला माणूस ठेवला, बरा आहे. दिगूच्या टेबलावर आता मीच बसतो. पायाखालचा तो कागद तसाच आहे. काढला तर टेबल हलेल.

गेल्या महिन्यात मुलुंडच्या एक बाई आल्या. आमच्या माणसाने मशीन तपासलं, म्हणाला तापतंय, हळू करावं लागेल. बाईंनी मला विचारलं, "हळू केल्याने काही बिघडणार नाही ना?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "कुणाचं?"

बाई मशीन घेऊन निघून गेल्या.

* * *

आता शेवटचा किस्सा. यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. माझं खरं कुणी घेत नाही, त्याची मला सवय झालीय.

दिवाळीच्या आठ दिवस आधी दुकानाचा फोन वाजला. म्हाताऱ्या माणसाचा, सावकाश बोलणारा आवाज.

"परब आहेत का?"

"परब नाहीत. मी सुधीर, त्यांचा पार्टनर."

"हां, हां, सुधीर! तुमचं फार सांगतात ते. मी नाहूरहून बोलतोय. प्रधान."

मी खुर्चीत बसलेलो होतो, तरी टेबल धरलं.

"इथे प्रधान कोण म्हणून विचारत आले होते, तेव्हापासून दरवर्षी दिवाळीच्या आधी येतात ना ते, कंप्युटर साफ करायला. यंदा आले नाहीत, म्हटलं विचारावं. तब्येत बरी आहे ना?"

मला सांगता आलं नाही. गावी गेलेत म्हटलं. आणखी एक थाप! मग विचारलं, "मशीन चालू आहे?"

"चालू आहे की! हळू आहे, पण अजून एकदाही बंद पडलं नाही. ते नसतील तर तुम्ही याल का?"

"येतो," मी म्हटलं. "पत्ता सांगा."

"अगदी सोपा आहे. स्टेशनपासून पाच मिनिटं, दुसरा मजला. आणि नाहीच सापडलं, तर दारात जास्वंदीची कुंडी आहे बघा. परबांनीच आणून ठेवलीय."